परसातील पाचोळा

(ज्ञातिगृहातील वार्षिक स्नेहसंमेलनाच्या प्रसंगी दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्त्यांनी शिक्षण, विवाहप्रश्न, सहकार, ज्ञातीचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर भाषणे केली. त्या परंपरेत पाचोळ्यावर बोलावयास उभे राहणारे आम्ही पहिलेच असू. विषयाचे नाव फलकावर वाचून काही तरुण मंडळी हसली, हे आमच्या नजरेतून सुटले नाही. त्यांनी खुशाल हसावे. आम्हीही काही वर्षांपूर्वी हसलो असतो.

हा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत असा एक ठराव आला होता की, ज्ञातिगृहाच्या मागील परसात पाल्याचा फार उपद्रव होतो, सबब तेथील फणसाचे झाड काढून टाकावे आणि सर्व मोकळी जागा सिमेंटच्या ठोकळ्यांनी बांधून घ्यावी, म्हणजे कार्यप्रसंगी मोटारी उभ्या करण्याची सोय होईल आणि झाडलोटीचा खर्चही वाचेल. ठरावावर बरीच खडाजंगी झाली. शेवटी अध्यक्षमहाराजांनी तो पुढील सभेपर्यंत स्थगित ठेविला आणि आम्हांस आज्ञा केली की, "तुम्ही परसाची व्यवस्था इतकी वर्षे पाहता, तर या पाल्याचे काय करता येईल ते एकदा सर्वांना नीट समजावून सांगा." त्या आज्ञेनुसार आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

आपले परस बहुतेकांनी पाहिले आहे, परंतु ते पंगतीच्या किंवा मुंजीच्या गर्दीत. एक आंबा, एक फणस, चार नारळ, कुंपणाशी पोफळीची एक रांग, आणि रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाची अर्धी सावली आपल्या भिंतीच्या आत. माघापासून चैत्रापर्यंत पानगळ सुरू असते. सकाळी झाडलेले अंगण दुपारी पुन्हा भरून जाते. त्याखेरीज नारळाच्या झावळ्या, पोफळीच्या विऱ्या, कार्यानंतरची केळीची पाने, तोरणे, पावसाळ्यात माजणारे गवत आणि वर्षातून एकदा केलेली छाटणी. खराटा हाती घेऊन जो कधी त्या परसात उभा राहिला आहे, त्याला ठराव मांडणाऱ्या बंधूंचा वैताग कळेल. आम्हांलाही तो कळतो; त्यांच्यावर आमचा मुळीच रोष नाही.

आता प्रथम आमच्या हातून घडलेली गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याविना पुढील बोलण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही.

व्यवस्था आमच्याकडे आली त्या वर्षी, फाल्गुनातील एका संध्याकाळी, आठ दिवसांचा साठलेला पाला आम्ही आंब्याच्या बुंध्यापासून चार हातांवर लोटून घेतला आणि त्याला काडी लावली. वरचा थर भडभडा पेटला, परंतु खालचा पाला दवाने ओलसर होता. तो जळेना आणि विझेना. मग धूर सुरू झाला. शेजारच्या घरी एक वृद्ध बाई आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू राहत. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. भिंतीपाशी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, पोराला श्वास घेववत नाही, एवढं विझवता का?" आम्ही वर मान न करता उत्तर दिले, "झालंच काकू, दहा मिनिटांत संपतंय." तो ढीग रात्रभर धुमसत राहिला. मध्यरात्रीनंतर केव्हातरी त्या मुलाला रिक्षात घालून इस्पितळात न्यावे लागले, हे आम्हांस दुसऱ्या दिवशी दूधवाल्याकडून समजले. मुलगा चार दिवसांनी बरा होऊन घरी आला. त्या बाई मात्र पुढे दोन वर्षे आमच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांत त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

दुसरे नुकसान उशिरा दिसले. ज्या बाजूस ढीग पेटविला होता, त्या बाजूची आंब्याची साल पावसाळ्यात सुटून आली. झाडाचे जीवन सालीच्या आतील एका पातळ थरातून चालते; बाहेरून खरखरीत साल कितीही दणकट भासली, तरी तो थर आचेने मरतो आणि झाड त्या बाजूने हळूहळू वठत जाते. पुढच्या वर्षी त्या अंगाच्या फांद्यांना मोहोर आला नाही. मग वाळवी लागली. ज्ञातिगृहाची कोनशिला बसली त्या दिवशी आपल्या वडीलधाऱ्यांनी लावलेले ते झाड. आज त्याची पूर्वेकडची बाजू ओकीबोकी दिसते, त्याचे कारण पुष्कळजण वय असे समजतात. ते वय नव्हे. ती आमची काडी होय.

यावर कोणी वृद्ध सभासद विचारतील, आणि एकांनी विचारलेही, की आपल्या वाडवडिलांनी पाला जाळला नाही काय? कोकणात आजही राब भाजतात, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. भातशेतीत रोपे तयार करण्याच्या वाफ्यावर शेण, पालापाचोळा, झाडांचे टहाळ, वाळके गवत यांचे थर घालून, वर माती पसरून ते भाजीत. त्यामुळे तणांचे बी मरते, राखेतील पोटॅश रोपांना मिळते आणि रोपे जोमदार येतात. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना हा राब इतका अत्यावश्यक वाटे की, ब्रिटिश सरकारने जंगलातील टहाळ तोडण्यावर निर्बंध घातले तेव्हा मोठे काहूर उठले, आणि १८८५ साली मुंबई सरकारला जंगलविषयक चौकशी आयोग नेमावा लागला. म्हणजे आपले पूर्वज पाला जाळीत, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते उघड्या शेतात, ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या वाफ्यावर आणि पिकासाठी जाळीत. राखेची चिमूटदेखील वाया जात नसे. आम्ही जाळला तो पाला दृष्टीआड व्हावा म्हणून, आणि तोही जेथे शेजारच्या खिडकीपासून ढीग पंधरा हातांवर नव्हता अशा जागी. या दोन कृत्यांना एकाच नावाने संबोधून पूर्वजांच्या आड लपणे बरोबर नाही. शिवाय राब भाजण्यातही नत्र हवेत उडून जाते आणि मातीचा कस उणा होतो, हे शेतकीशास्त्राने आता दाखविले आहे. तो विषय आजचा नव्हे.

धुराविषयी दोन शब्द. पाने ही झाडाचीच, तेव्हा त्यांचा धूरही निर्मळ, अशी एक भाबडी समजूत आहे. ओला पाला कोंडून जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याबरोबर अडीच मायक्रॉनहून लहान असे कण उडतात. मनुष्याच्या केसाच्या जाडीचे वीस भाग केले, तर त्यांतील एका भागाहूनही हे कण बारीक. नाकातील केस, घशातील ओलावा यांस ते जुमानीत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. दमेकरी, लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि आमच्यासारखे सत्तरी ओलांडलेले लोक यांना त्यांचा त्रास अधिक. त्या पाल्यात कोणी एखादी प्लास्टिकची पिशवी किंवा पत्रावळीवरचा चकचकीत कागद टाकलेला असला, म्हणजे तर विचारूच नये.

कायदाही आता स्वस्थ बसलेला नाही. २००० साली केंद्र सरकारने शहरांतील घनकचऱ्याविषयी नियम केले आणि २०१६ साली ते अधिक कडक केले. बागेचा कचरा प्रत्येकाने आपल्या आवारात निराळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी. रस्त्यावर, मोकळ्या सार्वजनिक जागेत, गटारात तो टाकू, जाळू अथवा पुरू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर संपूर्ण मनाई केली आणि साध्या प्रकारास ५ हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरविली. आपली खाजगी जागा आहे, आपण काहीही करू, हा युक्तिवाद आता चालावयाचा नाही. आमच्या त्या संध्याकाळी कोणी तक्रार केली असती, तर ज्ञातिगृहाच्या शिलकेतून ती रक्कम भरण्याची पाळी आली असती. काकूंनी तक्रार केली नाही, एवढेच.

मग जाळू नये, तर नगरपालिकेच्या गाडीत भरून द्यावे, हा दुसरा मार्ग. पुष्कळ कुटुंबे तेच करतात, आणि सदनिकेत राहणाऱ्यास कित्येक वेळा दुसरा इलाजही नसतो. ज्या गावी नगरपालिका बागेचा कचरा निराळा उचलून त्याचे खत करते, तेथे तो निराळा बांधून देण्यास हरकत नाही. परंतु सगळा एकत्र कोंबून दिला, तर तो कोठे जातो हे एकदा मनाशी विचारून पाहावे. मुंबईचा कचरा १९२७ सालापासून देवनारला पडू लागला. जानेवारी २०१६ मध्ये त्या डोंगराला आग लागली, ती दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात नेऊन टाकला गेला. तेथील गावकऱ्यांना त्याविरुद्ध वारंवार रस्त्यावर यावे लागले. पाला, भाजीपाला, खरकटे हे पदार्थ अशा डोंगराखाली हवेविना दाबले गेले, की सडून मिथेन नावाचा ज्वालाग्राही वायू तयार होतो. आगी अशा का भडकतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणजे आपण आपल्या परसात काडी लावली नाही, तरी आपला पाला दुसऱ्याच्या दारी जाऊन पेटतो.

येथे एक नाजूक गोष्ट बोलल्याखेरीज आम्हांस राहवत नाही, कारण हे व्यासपीठ एका ज्ञातीचे आहे. आपल्या वार्षिक अंकात गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे येतात, देणगीदारांच्या याद्या येतात. परंतु आपल्या परसातून रोज तीन पाट्या पाला उचलून कोपऱ्यावरच्या कुंडीपर्यंत जो मनुष्य नेत असे, त्याचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. तो अमुक एका ज्ञातीचा आहे एवढे मात्र न विचारताही आम्ही गृहीत धरले होते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्याची कित्येक वर्षे हाच प्रश्न सोडविण्यात घालविली. उच्चवर्णात जन्मलेल्या त्या पुरुषाने मैला आणि केरकचरा स्वतःच्या हातांनी उचलला, त्याचे खत केले, आणि हे काम कोणा एका जातीच्या कपाळी लिहिलेले नाही हे कृतीने दाखविले. गाडगेमहाराजांचा खराटा तर सर्वांच्याच परिचयाचा. त्यांच्या पासंगालाही आम्ही पुरणार नाही. एवढेच सांगतो की, स्वतःच्या हातांनी पाला उचलू लागल्यावर पहिल्या आठवड्यातच आमची कंबर धरली, आणि त्या गृहस्थाचे नाव आम्ही विचारून घेतले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. पाल्याचे करावयाचे काय?

सर्वांत सोपा उपाय असा आहे की, त्यास फार दूर नेऊच नये. कोकणातल्या माणसाला हे सांगावयास नको. तेथे सुका पाला म्हणजे पातेरा. तो गोळा करून आंब्या-काजूच्या कलमांच्या आळ्यांत पसरतात, गोठ्यात गुरांखाली अंथरतात आणि मग शेणमुतासह उकिरड्यावर टाकतात. पाल्याचा वीतभर थर आळ्यात असला, म्हणजे उन्हाळ्यात जमीन तापत नाही, घातलेले पाणी उडून जात नाही, तण माजत नाही, आणि पावसाळ्यात तोच थर खालून कुजत जाऊन झाडाच्या मुळांशी परत पोहोचतो. फक्त तो बुंध्याला चिकटवून ठेवू नये; वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो आणि वाळवीस आमंत्रण मिळते. आमच्या आजीच्या परसात मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, त्यांच्या बुडाशी झाडलेला पाला, आणि पलीकडे उकिरडा, एवढी सारी व्यवस्था होती. तिला तिने कधी शास्त्र म्हटले नाही. नगरात आल्यावर आपण अळू विकत घेऊ लागलो आणि पाला फेकू लागलो.

आपल्या परसातला निम्मा पाला आंबा, फणस आणि नारळांच्या आळ्यांतच सामावला. उरलेल्याचे खत करावयाचे ठरविले. या बाबतीत एक गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. आज जगभर ज्याला इंदूर पद्धत म्हणतात, ती होळकरांच्या इंदुरात सिद्ध झाली. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथील संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात शेतातील काडीकचऱ्याचे शास्त्रशुद्ध खत करण्याचे प्रयोग केले आणि १९३१ साली त्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हॉवर्ड यांचे नाव विलायतेतील बागाईतदारांच्या तोंडी राहिले. वाडांचे नाव आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

या पद्धतीचे मर्म असे. सुक्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र थोडे. ओल्या गवतात, भाजीच्या देठांत आणि शेणात नत्र अधिक. खत करणारे सूक्ष्म जंतू कर्ब खाऊन शक्ती मिळवितात आणि नत्राने आपले शरीर बांधतात. एक भाग नत्रास सुमारे तीस भाग कर्ब, असे प्रमाण जमले म्हणजे त्यांचे काम झपाट्याने चालते. तराजू घेऊन बसण्याची आवश्यकता नाही. तीन पाट्या सुका पाला, एक पाटी ओले गवत किंवा भाजीचा कचरा, त्यावर शेणकाल्याचा हात आणि मूठभर माती, असे थर देत कमरेइतका ढीग रचावा. ढीग तीन फुटांहून लहान असला तर त्यात ऊब धरत नाही. तो पुरेसा ओला आहे की नाही, याची परीक्षा आमच्या माळ्याने शिकविली : मूठभर घेऊन घट्ट पिळावे, हात ओला व्हावा, परंतु थेंब गळू नये. तीन-चार दिवसांत आतील उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. थंडीत पहाटे ढिगावरून वाफ निघताना आम्ही प्रथम पाहिली, तेव्हा पुन्हा आग लागली की काय, या भीतीने बादली घेऊन धावलो होतो! पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याने ढीग उलटापालटा केला, हवा खेळती राहिली, की सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत हाती येते.

पुस्तकात हे असे लिहिलेले आहे. आमचा पहिला ढीग मात्र असा झाला नाही. एका मुंजीनंतर पंगतीचे सारे खरकटे, भात आणि आमटीसुद्धा, आम्ही उत्साहाने त्यात ओतले. आठव्या दिवशी दुर्गंधी सुटली, उंदीर आले, आणि व्यवस्थापक मंडळाकडून आम्हांस लेखी समज मिळाली. ती आम्ही जपून ठेविली आहे. शिजलेले अन्न, तेलकट पदार्थ, मासळीचे अवशेष उघड्या ढिगात घालू नयेत. ओले फार झाले की हवा कोंडते आणि खत होण्याऐवजी सडते. सुका पाला भरपूर मिसळून ढीग उपसला, त्याबरोबर चार दिवसांत वास नाहीसा झाला. दुसऱ्या खेपेस आंब्या-फणसाची पाने अखंडच टाकली होती, ती सहा महिन्यांनीही ओळखू येत होती. त्यांची पृष्ठे चामड्यासारखी व मेणचट असतात. ती कोयत्याने तोडून, पायाखाली चुरून घातली पाहिजेत. उलट रस्त्यावरच्या पर्जन्यवृक्षाची इवलीशी पाने, ज्यांचा आम्ही सर्वांत अधिक तिरस्कार करीत होतो, ती सर्वांच्या आधी खत होऊन मोकळी झाली.

ज्यांची गावी शेती आहे, त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत अवश्य अवलंबावी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच हे नाव पडले. विटांचे जाळीदार टाके, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीत भोके ठेवावयाची म्हणजे हवा आपोआप खेळते आणि उलथापालथ करावी लागत नाही. सुमारे दीड हजार किलो काडीकचरा, शंभर किलो शेण आणि त्याहून पुष्कळ अधिक कोरडी माती, असे थर भरून टाके शेणमातीने लिंपून टाकावयाचे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात मोठे काम, हे त्याचे वैशिष्ट्य. आजकाल गोठे रिकामे पडत असताना त्याचे महत्त्व कोणीही जाणेल. काही महानगरपालिकांनी खतप्रकल्प करणारांस मिळकतकरात सूट दिली, त्याबरोबर पुष्कळ गृहसंस्थांत सिमेंटच्या टाक्या उभ्या राहिल्या. त्यांतील कित्येकांत आम्ही मोडक्या खुर्च्या पाहिल्या आहेत.

आणखी काही सावधगिरीच्या गोष्टी आहेत. ज्यांच्या परसात नारळ आहेत त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे की, नारळाचा कोवळा कोंभ कुरतडणारा गेंड्या भुंगा आपली अंडी कुजत्या शेणात आणि पाल्याच्या ढिगातच घालतो. ढीग उपसताना बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर त्या वेचून नष्ट कराव्यात. आमच्या चार नारळांपैकी एकाच्या झावळ्या पंख्यासारख्या कातरलेल्या दिसू लागल्या, तेव्हा हा धडा आम्हांस मिळाला. ढीग दोन-तीन महिन्यांत खत होऊन हलत राहिला तर भुंग्यास सवड मिळत नाही. वर्षानुवर्षे तसाच पडून राहिलेला उकिरडा हे त्याचे माहेर. करवंट्या उताण्या टाकू नयेत. त्यांत आठ-दहा दिवस पाणी साचले, की डेंग्यूचे डास तयार होतात. झाकणासाठी घातलेल्या प्लास्टिकच्या कापडाच्या खोलगट घड्यांतही तेच घडते. गाजरगवत, जे १९५५-५६ च्या सुमारास प्रथम पुण्यात दिसून आले आणि मग देशभर पसरले, ते फुलावर येण्यापूर्वीच उपटावे आणि तेव्हाच ढिगात घालावे. फुलल्यावर घातले तर आपण खताबरोबर त्याचे बीही परसभर पेरतो. ते उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याने पुष्कळांच्या अंगास पुरळ येते. जाड फांद्या ढिगात कुजत नाहीत. त्या निराळ्या ठेवाव्यात, वेलींच्या मांडवास उपयोगी पडतात. झावळ्यांचे हीर काढून खराटे होतात. तेवढे कौशल्य आपल्या भगिनीमंडळात अजून शिल्लक आहे, आणि गेल्या वर्षी त्यांनी बांधलेले अकरा खराटे याच ज्ञातिगृहात वापरात आहेत.

सदनिकेत राहणाऱ्या सभासदांस एवढेच सांगतो. सज्जातील चार कुंड्यांच्या वाळक्या पानांसाठी ढीग नको. तळाशी भोके पाडलेली एक जुनी बादली, तळाला नारळाचे सोडण, वर सुका पाला आणि भाजीची देठे आलटून पालटून, हे पुरे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी आपल्या प्रयोग परिवारातून शहरी माणसांना घराच्या गच्चीवरही पाल्यातून माती तयार करावयास शिकविले. त्यांच्या सांगण्याचा रोख असा की, यासाठी तज्ज्ञ होण्याची वाट पाहू नये, प्रयोग करून पाहावा. आम्हांस तरी तो अनुभव आला.

आता ठरावासंबंधी. फणस तोडणे म्हणजे केवळ सभेचा ठराव करून भागणारे काम नव्हे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पूर्वपरवानगी घ्यावी लागते. परंतु आमचा आक्षेप कायद्यापुरता नाही. परस ठोकळ्यांनी बांधले, तर आज जे पावसाचे पाणी तेथे मुरते ते सारे फाटकाकडे धावेल. आपले फाटक रस्त्याच्या पातळीहून खाली आहे, आणि दर जुलैत तळघराच्या पायरीशी पाणी येते हे भांडारगृहाची किल्ली बाळगणारे सभासद सांगतील. आंब्याची उरलेली बाजूही मुळांवर ठोकळे बसल्यावर फार काळ टिकणार नाही. मोटारींची अडचण खरी आहे. ती नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पोफळीच्या रांगेबाहेर, पुढच्या अंगणात चार मोटारींची जागा निघू शकते, तिचा कच्चा नकाशा आम्ही कार्यालयात ठेविला आहे, तो पाहावा. झाडलोटीचा खर्च वाचणार असे म्हटले आहे, त्यासंबंधी वहीतील नोंद अशी की, मागील वर्षी आपण बाजारातून खत मुळीच घेतले नाही, आणि सभासदांस तेवीस पोती खत विकून आलेली रक्कम झाडणाऱ्या गृहस्थांच्या पगारात वाढ म्हणून दिली. ती वाढ त्यांनी मागितली नव्हती.

यंदाचे खत चैत्र पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता वाटण्यात येईल. ज्यांना हवे असेल त्यांनी स्वतःचे रिकामे पोते आणावे. प्लास्टिकच्या पिशवीत दिले जाणार नाही. येताना घरचा सुका पाला आणल्यास घेतला जाईल, मात्र त्यात देवाची निर्माल्ये असतील तर त्यांवरील जर, दोरे आणि कागद काढून आणावीत. ढीग उपसण्यास चार तरुण हवे आहेत. मघाशी हसणाऱ्यांपैकी दोघांची नावे आम्ही लिहून घेतली आहेत.

गेल्या वर्षीच्या वाटपाच्या दिवशी भिंतीपलीकडून काकूंनी हाक मारली. तुळशीसाठी दोन कुंड्यांपुरते खत हवे होते. तो नातू आता बारा वर्षांचा आहे. घमेले घ्यायला तोच आला. आम्ही त्याला ढीग दाखविला, हात आत घालून ऊब पाहावयास सांगितली. त्याने हात घातला, चटकन मागे घेतला आणि विचारले, "आजोबा, हे जळतंय का आतून?"

ठराव येत्या रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पाचव्या क्रमांकास आहे. मतदानापूर्वी सर्व सभासदांनी एकदा मागच्या दाराने परसात जाऊन यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.